माझ्या मनगटातला बोगदा

गेले तीन महिने माझा उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं पहाटे चारला उठत होती. व्यायामासाठी, वाचनासाठी, फार काय दूध घेण्यासाठीही मला आजवर कोणी पहाटे चारला उठवू शकलेलं नाही. ही तिघं मात्र उठायची, कुठून तरी मुंग्या गोळा करून आणायची आणि मला हलवून जागं करायची. अनामिका अर्धवट सामील होती. तिची अंगठ्याकडची बाजू मुंग्यांत आणि पलीकडची तटस्थ. करंगळी पहिल्यापासून नामानिराळी. "तिला कधी काही काम असतं का, म्हणून!" हे आमच्या घरातलं निदान.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझी दोन्ही मनगटं वाकवून मिनिटभर तशीच धरायला लावली. मग मनगटाच्या आतल्या बाजूला, घड्याळाचं बक्कल येतं तिथे, एक टिचकी मारली. झिणझिणी थेट मधल्या बोटाच्या टोकाला गेली.

"टिनेल पॉझिटिव्ह," ते म्हणाले.

"टनेल?"

"टिनेल, काका. जूल टिनेल नावाचे फ्रेंच डॉक्टर होते, त्यांच्या नावाची ही टिचकी. आणि तुम्हाला झालंय ते कार्पल टनेल. टिनेल वेगळा, टनेल वेगळं."

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. मनगटातल्या हाडांची खाली कमान, वरून एक जाड पट्टा, आणि मधल्या पोकळीतून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या व एक मज्जातंतू. दोऱ्या सुजल्या की जागा कमी पडते आणि मज्जातंतू चेंगरतो. मी कळव्याजवळच्या पारसिक बोगद्यातून अनेक वर्षं नोकरीला गेलेला माणूस आहे. चेंगरणं म्हणजे काय, हे मला चित्र काढून दाखवायची गरज नव्हती. पण तेवढा रस्ता हाडामांसाचा असताना त्याला टनेल का म्हणायचं, असं मी विचारलं.

"म्हणजे काय? टनेल म्हणजे बोगदा."

"ते झालंच. पण बोगद्याला टनेल का म्हणतात?"

डॉक्टरांनी माझ्याकडे, मग माझ्या बायकोकडे पाहिलं. तिनं 'हे असंच आहे, औषध लिहा' अशा अर्थाची मान हलवली. रात्री मनगटाला बांधायचा पट्टा आणि तीन आठवडे हाताला विश्रांती, एवढं घेऊन आम्ही घरी आलो. हाताला विश्रांती द्यायची म्हणून मी कपाटावरचा अडीच किलोचा इंग्रजी शब्दकोश डाव्या हातानं खाली ओढला.

आणि तिथे, टनेलच्या पोटात, मला पिंप सापडलं.

थट्टा नाही. दारूचं लाकडी पिंप. जुन्या फ्रेंचमध्ये मोठ्या पिंपाला 'टोन' आणि त्याच्या धाकट्या भावाला 'टोनेल' म्हणत. इंग्रजांकडे मोठा भाऊ आधीपासूनच होता, धाकटा त्यांनी फ्रेंचांकडून उचलला. मोठ्याचा 'टन' झाला: २५२ गॅलन वाइन मावेल असं पिंप. जहाज किती मोठं, हे सांगायचं तर त्यात अशी किती पिंपं राहतात ते सांगायचे. त्याचं झालं टनेज. भरलेल्या पिंपाचं जे वजन, त्याच्या आसपासचं वजन म्हणजे टन. पुढे पिंप गेलं आणि वजन उरलं. म्हणजे आमच्या कोल्हापूरकडचा शेतकरी "औंदा एकरी टनेज पडलं" असं म्हणून कपाळाला हात लावतो, तेव्हा तो नकळत फ्रेंच वाइनच्या पिंपांत ऊस मोजत असतो. उसाचा आणि दारूचा संबंध मळीच्या आधीपासूनचा आहे, हे मला नव्यानं कळलं.

धाकट्याची कथा आणखी वाकडी. इंग्रजीत पंधराव्या शतकात तो भेटतो तेव्हा त्याचा दारूशी संबंध सुटलेला आहे आणि तो पक्षी धरतोय. तितर पकडायचं एक लांबलचक जाळं असे. एका अंगाला रुंद तोंड, मग आत गोल कड्या लावलेली, निमुळती होत जाणारी जाळ्याची नळी, आणि टोक बंद. आडव्या पडलेल्या पिंपासारखं दिसतं म्हणून ते टोनेल. तितरांच्या थव्याला घाबरवायचं नाही, नुसतं मागून हळूहळू हाकत आणायचं. पक्षी आपल्या पायांनी चालत तोंडात शिरतात, पुढचा थांबला तरी मागचा ढकलतो, आणि टोकाला पोचल्यावर सर्वांना एकदमच कळतं की हा रस्ता नव्हता.

हे वाचताना मला सकाळची ८.१२ ची जलद गाडी आठवली. आम्हालाही कोणी घाबरवत नसे.

पुढे हा शब्द जाळ्यातून सुटला आणि धुराड्यात शिरला. सोळाव्या शतकात चिमणीच्या आतल्या नळकांड्याला टनेल म्हणू लागले. इथे एक गंमत सांगून ठेवतो. तेल ओतायचं नरसाळं म्हणजे इंग्रजीतलं फनेल. टनेल आणि फनेल ही जुळी भावंडं असावीत असं कोणालाही वाटेल, कारण आकार तोच, यमक तेच. पण दोघांचं रक्ताचं नातं नाही. फनेल लॅटिनमधल्या 'ओतणे' ह्या क्रियेतून आलं. शाळेत आमच्या वर्गात एकाच आडनावाचे, एकाच चेहऱ्याचे दोन मुलगे होते आणि एकमेकांचे कोणीही नव्हते, तसं.

पिंप, जाळं, धुराडं. एवढं फिरून झालं तरी जमिनीखालचा रस्ता काही येईना. रात्रीचे अकरा वाजले होते. बायको म्हणाली, "अहो, मनगटाचा पट्टा बांधलात का?" मी म्हटलं, "थांब, अजून कालव्यापर्यंत पोचायचंय."

कालवा म्हणजे इंग्लंडातला ट्रेंट अँड मर्सी कालवा. त्याच्या वाटेत हेअरकासल नावाची टेकडी आडवी आली. जेम्स ब्रिंडली ह्या इंजिनिअरनं टेकडीला वळसा न घालता तिच्या पोटातून पाणी न्यायचं ठरवलं. १७६६ साली काम सुरू झालं आणि १७७७ साली संपलं. ब्रिंडली त्याआधीच, १७७२ मध्ये वारला होता. हा २८८० यार्डांचा, म्हणजे अडीच किलोमीटरांहून लांब असा अंधार. अशा कामांमुळे टनेल हा शब्द जमिनीखाली कायमचा राहायला गेला.

पण ब्रिंडलीच्या टनेलमध्ये एक लहानशी अडचण होती. कालव्यातल्या होड्या घोडे ओढत, काठावरून चालत. टनेल इतकं अरुंद केलं होतं की घोड्याला चालायला काठच नव्हता. तेव्हा तोंडाशी घोडा सोडायचा, त्याला टेकडीवरून हिंडवत पलीकडे न्यायचा, आणि होडी? होडी माणसांनी न्यायची. हातांनी नव्हे. होडीत उताणं झोपायचं, दोन्ही पाय वर करून बोगद्याच्या छताला वा भिंतीला टेकवायचे आणि चालायचं. पाठीवर पडून, छतावरून, सुमारे तीन तास. ह्याला 'लेगिंग' म्हणत आणि ते करून पोट भरणारी माणसं होती. आज लेगिंग म्हटलं की लक्ष्मी रोडवरचं एखादं दुकान डोळ्यांपुढे येतं. तेव्हा दोन पाय आणि अंधार यायचा. घोडा मात्र ते तीन तास टेकडीवरचं गवत खात आणि हवा खात पलीकडे. उद्योगक्रांती माणसाला जनावरापेक्षा वर घेऊन गेली म्हणतात, त्यात हेअरकासलचा अपवाद करायला हवा. तिथे वर घोडाच होता.

पन्नास वर्षांनी, १८२७ मध्ये, थॉमस टेलफर्डनं त्याच टेकडीत शेजारी दुसरा बोगदा पाडला. तीन वर्षांत. आणि घोड्यासाठी वाट ठेवून.

त्याच सुमारास लंडनमध्ये मार्क ब्रुनेल हा मूळचा फ्रेंच माणूस थेम्स नदीखालून जाण्याच्या नादी लागला होता. नदीखालचा चिखल खणायचा म्हणजे खणलेलं वरून डोक्यावर येणार. ब्रुनेलला युक्ती सुचवली ती एका किड्यानं. जहाजाचं लाकूड पोखरणारा एक प्राणी आहे. दिसतो अळीसारखा, पण असतो शिंपल्यांच्या गोतातला. तोंडाकडच्या कवचानं तो पुढे लाकूड कुरतडतो आणि मागे राहिलेल्या भोकाला आतून चुन्यासारखा गिलावा करत जातो. म्हणजे खणणं पुढे, बांधकाम मागे, आणि मालक मध्ये सुरक्षित. ब्रुनेलनं लोखंडाची अशीच एक भली मोठी चौकट बनवली. तिच्यात छत्तीस खण, प्रत्येक खणात एक मजूर, समोरची एक फळी काढायची, चार इंच माती खणायची, फळी पुन्हा लावायची. मागून गवंडी विटा रचत येणार. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कामात खणणारे आणि बुजवणारे असे एकमेकांच्या पाठोपाठ आलेले मी पाहिलेले नाहीत. इथे खणणारे श्रावणात येतात आणि बुजवणारे पुढल्या श्रावणात.

काम सुरू झालं १८२५ मध्ये. पहिल्या तीन वर्षांतच नदी दोनदा आत आली. पहिल्या पुरानंतर, पाणी उपसून झाल्यावर, १८२७ च्या नोव्हेंबरात ब्रुनेलमंडळींनी नदीखाली बँड लावून मेजवानी दिली. पुढच्या जानेवारीत नदी पुन्हा आली. सहा माणसं गेली आणि ब्रुनेलचा मुलगा इझंबार्ड थोडक्यात वाचला. मग पैसे संपले. सात वर्षं सगळं बंद. लंडनच्या वर्तमानपत्रांतल्या टवाळखोरांनी ह्या प्रकरणाला नाव दिलं: 'द ग्रेट बोअर'.

हा विनोद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, ह्याचा मला फार आनंद झाला. कारण आपण शेतात पाण्यासाठी बोअर मारतो आणि घरी पाहुण्याला बोअर मारतो. दोन्हीकडे खोलवर जात राहायचं, आणि बहुधा हाती काही लागत नाही. इंग्रजांचा श्लेष आपण मूळ सामानासकट आयात केला आहे.

शेवटी १८४३ मध्ये बोगदा उघडला. गाड्या उतरवायच्या रस्त्याला पैसे उरले नव्हते म्हणून फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. माणशी एक पेनी. पहिल्या दिवशी पन्नास हजार लोक आले; नदीच्या ह्या काठावरून त्या काठाला जायचं काम त्यातल्या किती जणांना होतं देव जाणे. नंतर तो रेल्वेकडे गेला आणि आजही त्यातून गाड्या धावतात. मात्र त्या गाड्या लंडनच्या अंडरग्राउंडच्या नाहीत. जहाजं चालणाऱ्या नदीखालचा हा जगातला पहिला बोगदा 'लंडन ओव्हरग्राउंड'च्या ताब्यात आहे. आणि लंडन अंडरग्राउंडचे निम्म्याहून अधिक रूळ जमिनीवरून, उघड्या आकाशाखालून जातात. पिंपाला जाळं आणि जाळ्याला धुराडं म्हणणाऱ्यांकडून ह्याहून वेगळी अपेक्षा मी तरी करत नाही.

त्याच किड्याचा एक वंशज अलीकडे मुंबईत येऊन गेला. सागरी किनारा रस्त्यासाठी गिरगाव चौपाटीखालून दोन बोगदे खणणारं यंत्र, व्यास बारा मीटरांहून जास्त, आलं चीनमधून, आणि इथे त्याचं बारसं झालं 'मावळा'. मावळे कडे चढून जायचे असा आमचा समज होता. हा पहिल्या दिवसापासून खालून गेला.

थेम्समधून वाचलेला तो ब्रुनेलचा मुलगा पुढे बापापेक्षा नावाजला. त्यानं लंडन ते ब्रिस्टल रेल्वेच्या वाटेवर बॉक्स गावापाशी जवळजवळ तीन किलोमीटरांचा बोगदा पाडायला घेतला, तेव्हा डायोनिशियस लार्डनर नावाचे एक नामांकित प्रोफेसर हिशेब घेऊन उभे राहिले. त्यांचं म्हणणं, बोगद्यात शंभरास एक असा उतार आहे, ब्रेक निकामी झाले तर गाडी पलीकडून ताशी १२० मैल वेगानं बाहेर पडेल आणि एवढ्या वेगात प्रवासी गुदमरून मरतील. ब्रुनेलनं एवढंच दाखवून दिलं की प्रोफेसरसाहेब हिशेबात घर्षण आणि हवेचा अडथळा धरायला विसरलेत. १८४१ मध्ये बोगदा सुरू झाला. प्रवासी मेले नाहीत. प्रोफेसरांच्या मतांवरही काही परिणाम झाला नसावा, कारण प्रोफेसरांच्या होत नाही.

मला वाटतं, लार्डनरसाहेबांना एकदा खंडाळ्याला आणायला हवं होतं. बोरघाटात चढ सदतिसास एक. कर्जतला गाडीला मागून इंजिनं लागतात, तोवर प्रवासी खाली उतरून वडे घेतात आणि गाडी हलल्यावर धावत चढतात. जगातल्या कुठल्याही इंजिनाचा जोर त्या वड्यानंतरच वाढत असणार, अशी माझी लहानपणी खात्री होती.

आमच्या लहानपणी बोगद्याचं एकच शास्त्र होतं: आत शिरला की ओरडायचं. का, ते कोणी सांगितलेलं नसे. मंकी हिलच्या आसपास गाडी अंधारात शिरली की डब्यातली सगळी पोरं एका सुरात किंचाळायची. उजेड आला की लगेच गप्प, जणू काही घडलंच नाही. काका बोगदे मोजायचे. त्यांचा आकडा जाताना आणि येताना कधी एक आला नाही, आणि त्याचं खापर ते आमच्या ओरडण्यावर फोडायचे. १८६३ साली घाट पहिल्यांदा खुला झाला तेव्हा बोगदे पंचवीस होते. पुढे मार्ग बदलले, आकडा बदलला. काकांचा तर रविवारीसुद्धा बदले.

ते पंचवीस बोगदे पुरे झाले ते एका बाईंच्या कंत्राटावर, हे मात्र डब्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये काम हाती घेऊन हिंदुस्थानात उतरला आणि काही आठवड्यांतच आजारानं गेला. त्याच्या विधवेनं, अॅलिस ट्रेडवेलनं, गाशा न गुंडाळता काम पुढे चालवलं. कामाच्या भरात घाटात चाळीस हजारांच्या आसपास मजूर होते. पटकीनं त्यातले किती गेले, ते मोजायला काका नव्हते. मी मोठेपणी हे वाचलं आणि नंतरच्या प्रवासात बोगदा आल्यावर ओरडलो नाही. तसंही पन्नाशीनंतर ते बरं दिसत नाही.

हे सगळं बायकोला सांगत होतो तेव्हा तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "त्यांचं टनेल पिंपातून आलं. मग आपलं काय?"

आपल्याकडे बोगदा आहे. साताऱ्यात तर बोगदा नावाचा भागच आहे. बोगद्याच्या अलीकडे राहता की पलीकडे, एवढ्यावर माणसाचा पत्ता लागतो. पण त्याहून जुनं आणि लाडकं आपलं भुयार. प्रत्येक मराठी गावात एक भुयार असतं आणि ते जवळच्या किल्ल्यावर निघतं. मधे नदी असली तरी निघतं. आमच्या मूळ गावच्या वाड्यातलं भुयार शनिवारवाड्यात निघायचं. अंतर नव्वद मैल. "आत कोणी गेलंय का?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येई: एकदा एक शेळी सोडली होती, ती परत आली नाही. महाराष्ट्रातल्या भुयारांत मिळून किती शेळ्या बेपत्ता आहेत, ह्याची नोंद कुठल्याच खात्याकडे नाही. पुढे वाडा पाडला तेव्हा भुयार उघडं पडलं. सहा हात लांब निघालं आणि आत बळद होतं, धान्याचं. शेळी न परतण्याचं कारण मला तेव्हा समजलं.

खरी भुयारं असतात तिथे दंतकथा कमी असतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणणारी जमिनीखालची वाट बांधली गेली. आत उतरून गाळ काढता यावा, हवा खेळावी म्हणून वाटेवर जागोजागी चुन्याविटांचे मनोरे उभारले. त्यांना नाव काय दिलं, तर उच्छ्वास. हेअरकासलला माणसं पाठीवर पडून छत तुडवत होती, साधारण त्याच शतकात आपल्याकडे जमीन श्वास सोडत होती. ह्या एका शब्दावर मी त्या कारागिरांना पुण्यातल्या सगळ्या चुका माफ करायला तयार आहे. हल्लीच्या भाषेत आपण त्याला सरळ व्हेंटिलेशन शाफ्ट म्हणून मोकळे झालो असतो.

आणि मग सुरुंग.

हिंदीत सुरंग म्हणजे बोगदा. मराठीत सुरुंग म्हणजे धडाका: विहिरीचा खडक फोडायला लावतात तो, किंवा पक्षातल्या सहकाऱ्याच्या खुर्चीखाली लावतात तो. शब्द एकच, मग एकीकडे पोकळी आणि दुसरीकडे स्फोट कसा? उत्तर किल्ल्यांच्या वेढ्यांत आहे. तटाखालून गुपचूप वाट खणत न्यायची, बुरुजाच्या पायाशी दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. १६६० मध्ये चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने लढवला, तो शाइस्तेखानाला असाच भुयार खणून बुरूज उडवावा लागला. (नरसाळा हे आडनाव इथे फनेलच्या संदर्भात आलेलं नाही, ह्याची नोंद घ्यावी.) पुढे वाटेचं नाव वाटेतल्या दारूला चिकटलं आणि वाट विसरली गेली. इंग्रजीतल्या 'माइन'चंही नेमकं हेच झालं: आधी खाण, मग वेढ्यातलं भुयार, शेवटी नुसता स्फोट. दोन भाषा एकमेकींना न विचारता त्याच बोगद्यातून गेल्या.

सुरुंगाचं मूळ संस्कृत 'सुरुङ्गा'. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा शब्द आहे. लाक्षागृहातून पांडव निसटले ते विदुरानं धाडलेल्या खनकानं खणलेल्या सुरुङ्गेतूनच. आणि बऱ्याच पंडितांच्या मते हा शब्द आपला नव्हेच. तो ग्रीक 'सिरिंक्स'वरून आला. सिरिंक्स म्हणजे वेळूची बासरी. पॅन नावाचा बोकडपायाचा देव सिरिंक्स नावाच्या वनदेवीच्या मागे लागला, ती पळत नदीकाठी गेली आणि वेळूचं बेट होऊन उभी राहिली. पॅननं तेच वेळू कापून पावा केला. जी जी लांब पोकळ नळी, ती ती सिरिंक्स. खणलेली भुयारंही सिरिंक्स. इजिप्तच्या राजांच्या डोंगरात खोदलेल्या थडग्यांना ग्रीक प्रवासी बासऱ्याच म्हणत. पक्ष्याच्या गळ्यातल्या स्वरयंत्रालाही शास्त्रज्ञांनी हेच नाव ठेवलं आहे. म्हणजे टनेलमध्ये सापडलेला तो बिचारा तितर ओरडला असेल, तर सिरिंक्समधून ओरडला.

फ्रेंचांचं काय झालं, तेही सांगून टाकतो. आजच्या फ्रेंचमध्ये टोनेल म्हणजे बागेतला वेलींचा मांडव. आणि रेल्वेच्या बोगद्याला ते काय म्हणतात? टनेल. इंग्रजांकडून उसना घेतलेला शब्द. लेक पिंप म्हणून सासरी गेली, बोगदा होऊन माहेरी आली आणि आईनं तिला पाहुणी समजून चहा विचारला.

तीन आठवडे संपले. शब्दकोश वाचण्याची विश्रांती हाताला मानवली नव्हती. आता मुंग्या तीनलाच येऊ लागल्या होत्या. डॉक्टरांनी पुन्हा टिचकी मारली आणि म्हणाले, "काका, सरळ इंजेक्शन देऊ. सूज उतरेल, जागा होईल."

"कुठे देणार?"

"टनेलमध्येच."

त्यांनी ट्रेमधून सिरिंज उचलली. ती उजेडात धरली आणि माझ्या डोक्यात शब्दकोशाचं पान फडफडलं. सिरिंज! हीसुद्धा सिरिंक्सचीच लेक. सुरुंगाची सख्खी मावसबहीण.

"डॉक्टर, एक मिनिट. म्हणजे तुम्ही आत्ता बोगद्यात सुरुंग लावताय."

"हात सैल सोडा, काका."

"नाही, पण सुरुंग उडवण्याआधी शिट्टी वाजवतात. लोकांनी लांब व्हावं म्हणून. आणि गंमत म्हणजे सिरिंक्सचा मूळ अर्थच..."

"अहो," बायको म्हणाली, "हात हलवू नका."

सुई आत गेली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका एकदम ताठ झाली, आणि मी, साठी ओलांडलेला माणूस, बोरघाटातल्या पोरासारखा ओरडलो. बाहेर बाकावर बसलेले पेशंट म्हणे चपापून गप्प झाले. करंगळी तेवढी ट्रेच्या कडेवर निवांत टेकून होती.